सिस्टर उजागरे आणि मंडळीचा कॉम्प्युटर

सिस्टर उजागरे पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर कॉम्प्युटर होता. म्हणजे त्याचा तो उभा डबा. त्याला दोऱ्याचं विणलेलं पांढरं झाकण घातलेलं होतं, आणि मागून रिक्षावाला वायरींचा गुंता छातीशी धरून येत होता.

तळेगाव स्टेशनच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कंपन्यांतले, सोसायट्यांतले, शाळांमधले असे सगळे कॉम्प्युटर माझ्याकडे येतात. पण आजपर्यंत कुणी कडेवर घेऊन आलेलं नव्हतं.

"काय होतंय याला?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. सकाळी साडेआठपर्यंत नीट होता. पावणेनऊला तीन वेळा ओरडला आणि डोळे मिटले."

"हँग झाला असेल."

"हँग म्हणजे? शुद्धीवर आहे की नाही, एवढं सांगा."

सिस्टर गावातल्या जुन्या दवाखान्यात तीसेक वर्षं नर्स होत्या. निवृत्त होताना मेट्रन होत्या. अंगानं उंच आणि काटक, साडी पांढरी, खांद्याशी उलटं टाचलेलं घड्याळ निवृत्तीनंतरही तसंच. नाव मार्था, पण ते फक्त कागदावर. घोरावाडी स्टेशनजवळ एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. गावातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या त्या खजिनदार होत्या. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं, हेसुद्धा मला त्यांनीच शिकवलं. मी एकदा "तुमच्या चर्चचा कॉम्प्युटर" म्हणालो तेव्हा त्यांनी लगेच दुरुस्त केलं. "चर्च म्हणजे भिंती. भिंतींना कॉम्प्युटर लागत नाही. मंडळीचा म्हणा."

मी डबा उघडला. त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

"सिस्टर, दोन तास लागतील. तुम्ही जाऊन या."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या, "पण बसते."

पुढं बारा वर्षं आमचं नातं या एका वाक्यावर चाललं.

त्या दिवशी आजार साधा होता. मेमरीच्या पट्टीवर धूळ बसली होती. मी खोडरबरानं पट्टी घासली, परत बसवली, कॉम्प्युटर सुरू झाला. मी तीनशे रुपये सांगितले. सिस्टरांनी ते अडीचशेवर आणले, पैसे दिले, आणि हात पुढं करून म्हणाल्या, "आता ते खोडरबर द्या. पुढच्या वेळी आम्ही घरीच घासू." मी दिलं. दुसऱ्या दिवशी नवीन आणलं.

एखादा भाग बदलला की जुना भाग त्यांना परत हवा असायचा. जळका पंखा, गेलेली पट्टी, फुगलेला पॉवर सप्लाय, काहीही असो, तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन जायच्या आणि मंडळीच्या पंचांच्या सभेत टेबलावर मांडायच्या. पंच म्हणजे कारभारी समिती. "हा बघा, हा गेला. हात लावून बघा." मगच बिल पुढं सरकवायच्या. बिल कोणी द्यायचं, हा प्रश्न त्यानंतर सुरू व्हायचा, आणि तो माझ्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी अवघड होता.

त्याचं कारण असं. रविवारच्या उपासनेत गीतांच्या ओळी पडद्यावर दाखवायला तो कॉम्प्युटर लागायचा. तेव्हा सिस्टर आधी गायन मंडळाकडे जायच्या. तिथले प्रमुख वडागळे मास्तर म्हणायचे, "आम्ही फक्त पडद्याकडे बघतो. कॉम्प्युटरला आम्ही कधी बोटसुद्धा लावलेलं नाही." बोट लावायचा तरुण संघ. त्याचा सेक्रेटरी अमोल, एमआयडीसीत सुपरवायझर, म्हणायचा, "आम्ही फक्त चालवतो. गाणी गायन मंडळाची." महिला मंडळ फक्त आठवड्याच्या सूचना टाइप करायचं. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, भला माणूस. ते म्हणायचे, "मी तर बायबल कागदाचंच वापरतो. आपण प्रार्थना करू या." वाद वाढला की ते नेहमी प्रार्थना करायचे. सिस्टर म्हणायच्या, "आमेन म्हणेपर्यंत सगळे गप्प बसतात, तेवढाच फायदा."

एका वर्षी मॉनिटर गेला. नव्याचा खर्च मोठा होता. मंडळीत रणपिसे नावाचे बांधकाम कॉन्ट्रॅक्टर होते. आवाज मोठा, मनही मोठं, फक्त ते दिसावं अशी त्यांची इच्छाही तेवढीच मोठी. त्यांनी एकरकमी नवा मॉनिटर घेऊन दिला. सगळे सुटलो म्हणाले. सिस्टर तेवढ्या म्हणाल्या नाहीत.

दोन रविवारांनी मॉनिटरच्या वरच्या कडेला सोनेरी अक्षरांत रणपिसे यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ पट्टी आली. त्यानंतर रणपिसे भर उपासनेत हातानं खुणा करू लागले. अक्षर मोठं करा. हे गीत नको, ते लावा. एका रविवारी त्यांच्या बायकोचं आवडतं गीत सलग तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा वडागळे मास्तर पेटी मिटवून खाली उतरले.

सोमवारी सिस्टर दुकानात आल्या. कॉम्प्युटर नव्हता, फक्त प्रश्न होता. "तांबोळी, मॉनिटरची खरी किंमत किती?" मी सांगितली. त्यांनी महिनाभर घरोघर फिरून दहा-दहा, वीस-वीस रुपये गोळा केले. शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गातल्या, लहान मुलांचेसुद्धा. रक्कम घेऊन त्या रणपिसेंकडे गेल्या. ते घेईनात. दिलेलं दान परत कसं घ्यायचं? मग सिस्टरांनी तो लखोटा रविवारी दानपात्रात टाकला आणि सूचना वाचताना वाचून दाखवलं, "रणपिसे यांनी मॉनिटरची पूर्ण रक्कम मंडळीकडून परत घेऊन ती पुन्हा मंडळीलाच अर्पण केली आहे. त्यांचे आभार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रणपिसे उठून उभे राहिले, नमस्कार केला, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता मॉनिटर आपला राहिलेला नाही. पट्टी कुणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"एकाच माणसाला दुरुस्ती करू दिली की वस्तू त्याची होते," सिस्टर मला म्हणाल्या. "दवाखान्यात मी हे लय पाहिलं. पंखा दिला म्हणून खाटेवर हक्क सांगणारे." त्यांच्या शुद्ध भाषेत राग आला की एखादा 'लय' घुसायचा.

हा नियम त्यांनी मलाही लावला. एकदा काम किरकोळ होतं, वायर सैल झालेली. मी म्हटलं, "राहू द्या सिस्टर. देवाचं काम आहे. माझ्याकडून."

त्या स्टुलावरून उठल्या. "तुमच्या मशिदीचा लाउडस्पीकर बिघडला तर दुरुस्तीवाला पैसे घेतो का?"

"घेतो."

"मग? आज फुकट केलंत की उद्या पंच म्हणतील, तांबोळी आहेतच. मग कोण नीट वापरेल? किती झाले?"

"पन्नास."

"वायर खोचायचे पन्नास? तीस घ्या."

मी तीस घेतले.

आता त्या यादीविषयी सांगायला हवं. मंडळीची गावाबाहेर एक जुनी दफनभूमी आहे. कुणाला कुठं पुरलं त्याची एक जाडजूड नोंदवही होती, आणि तिला वाळवी लागली होती. पान उलटलं की हातात भुगा यायचा. लाकडी क्रूस केव्हाच कुजून गेले होते, त्यामुळे गरिबांच्या कबरी कुठल्या हे फक्त त्या वहीलाच ठाऊक. निवृत्तीनंतर सिस्टरांनी ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. एका बोटानं. रांग, नंबर, नाव, वय. आठवड्यातून तीन दुपारी, दोन वर्षं. यादी पूर्ण झाली त्याच उन्हाळ्यात चर्चला रंग काढला, आणि रंगाऱ्यांनी वहीचा उरलेला भुगा कचऱ्याबरोबर जाळून टाकला. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही. यादी आता कॉम्प्युटरमध्ये होती.

मी त्यांना एक पेनड्राइव्ह दिला होता, यादीची प्रत ठेवायला. तीसुद्धा त्यांनी ठेवली, कपाटात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत. एका नाताळाला तरुण संघाला पेनड्राइव्ह हवा होता. त्यांनी बाटली उघडली, आतलं सगळं पुसलं आणि नाताळची गाणी भरली. हे सिस्टरांना कळलं ते मात्र वर्षभरानं, आणि अगदी चुकीच्या वेळी.

त्या वर्षी दिवाळीनंतर बेडश्याकडचे एक म्हातारेबाबा चर्चच्या पायरीवर येऊन बसले. बौद्ध शेतकरी, डोक्याला उपरणं, पायात मापापेक्षा मोठ्या जुन्या चपला. सगळे त्यांना आबा म्हणू लागले. त्यांना सिस्टरांशीच बोलायचं होतं. मी तेव्हा तिथंच होतो, कारण त्याच दिवशी कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला होता.

"सिस्टर, तुमी वळकायच्या न्हाईत मला," आबा म्हणाले. "पंचेचाळीस वर्सं झाली. माज्या बायकूला तुमच्या दवाखान्यात आनली व्हती. पोरगी झाली. दोन दिस जगली."

सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या. "पावसाळा होता," त्या म्हणाल्या.

"व्हय. मी तवा लावनीला गेलतो. नदीला पानी आलं, तिसऱ्या दिशी पोचलो. हिला ताप व्हता, आन पोरीला तुमच्या लोकांनी तुमच्या जागंत ठिवलं म्हन्ले. मी बायकू घेऊन घरी गेलो. कुटं ठिवलं ते इचारलंच न्हाई." त्यांनी उपरणं सारखं केलं. "आता म्हातारी हातरुनाला खिळलीया. रोज इचारती, पोर कुटं हाय आपली. काय सांगू तिला?"

"यादीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः टाइप केलंय. तांबोळी, यादी उघडा."

मी कॉम्प्युटर लावला. टक, टक, टक. आणि मग तोही आवाज बंद झाला. हार्ड डिस्क गेली होती. सिस्टरांनी कपाटातली बाटली आणली. पेनड्राइव्हवर चोवीस गाणी निघाली.

मला वाटलं आता भूकंप होईल. सिस्टर बाटलीचं झाकण लावत एवढंच म्हणाल्या, "आबा, पुढच्या महिन्यात या." त्या पुढच्या महिन्यानंतर त्या स्वतःच इथं नसणार होत्या. गुडघे साथ देत नव्हते, मिरजेची भाची त्यांना कायमची न्यायला येणार होती.

मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणारे लोक पुण्यात आहेत. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मीच खाली बसलो. पंचांची सभा भरली, आणि खर्च समजावून सांगायला मला मागच्या बाकावर बसवलं.

वडागळे मास्तर म्हणाले, "यादीचा गायनाशी संबंध नाही." अमोल म्हणाला, "पेनड्राइव्हचं चुकलं. पण त्यावर नाव लिहिलेलं नव्हतं." कुणीतरी म्हणालं, यादी सिस्टरांनी स्वतःच्या हौसेनं केली, ती मंडळीची म्हणायची का? आणखी कुणी म्हणालं, तो माणूस मंडळीचाही नाही. रणपिसे उभे राहिले. "वाद कशाला? मी भरतो सगळे."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. ते बसले.

"दफनभूमीवर पण पट्टी लावायची आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "त्या यादीत तुमचे आजोबा आहेत, मास्तर. अमोल, तुझी मावशी. बाकीच्यांचं मी यादी मिळाल्यावर सांगेन."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. निर्णय झाला नाही.

दोन आठवड्यांनी सुगीचा सण होता. मावळात भात निघालं की हे लोक पहिलं पीक चर्चमध्ये आणून अर्पण करतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. कोंबडे, अंडी, केळीचे घड, तांदळाची पोती. बोली पुकारायचं काम रणपिसेंचं, आवाजामुळं. सिस्टरांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी स्वतःच्या परसातला एक लाल भोपळा आणला होता. एका माणसाला उचलवत नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या भोपळ्याचे पैसे डिस्कला."

ते ऐकताच बोली पन्नासावर अडकली. ती मास्तरांची होती. अमोल मागं कुणाला तरी हळूच म्हणाला, "गायन मंडळाची पट्टी तेवढीच." हळू म्हणाला, पण मास्तरांचे कान संगीताचे.

"दोनशे," मास्तर म्हणाले.

"अडीचशे," अमोल म्हणाला.

त्यानंतर काय झालं ते भोपळ्यालासुद्धा कळलं नसेल. मास्तर उभे राहिले, अमोल बाकावर चढला, लहान मुलं प्रत्येक बोलीला टाळ्या वाजवू लागली. अकराशेला मास्तरांच्या बायकोनं त्यांचा सदरा मागून ओढला. ते पंधराशे म्हणून बसले. जिंकले. आता त्यांच्यात अशी रीत आहे की घेतलेली वस्तू मनाला आलं तर परत अर्पण करायची आणि तिचा पुन्हा लिलाव व्हायचा. मास्तरांनी घामाघूम होत भोपळा परत दिला. लगेच तरुण संघानं वर्गणी काढून तो घेतला, सोळाशेला, आणि परत दिला. मग महिला मंडळानं घेतला. त्या सतराशे म्हणाल्या, फक्त दोघांनाही गप्प करायला. पुकारता पुकारता रणपिसेंना राहवेना. "माझे पाच हजार—"

"पाचशे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला पाचशेच्या वर परवानगी नाही."

एवढ्यात फाटकातून आबा आले. खांद्यावर इंद्रायणी तांदळाचं गाठोडं. "पैसं न्हाईत माज्याकडं," ते म्हणाले. "ह्यो नवा तांदूळ हाय."

पाळकसाहेब पुढं झाले. "आबा, राहू द्या. तुम्ही कशाला?"

"का राहू द्या?" सिस्टर म्हणाल्या. "त्यांची मुलगी आहे त्यात. देऊ दे त्यांना."

तांदळाचा लिलाव त्यांनी होऊ दिला नाही. गाठोडं टेबलावर सोडलं आणि सांगितलं, ज्याला जे जमेल ते टाका आणि एक मूठ घेऊन जा. लोक रांगेत आले. कुणी रुमालात, कुणी पदरात एकेक मूठ घेतली. मास्तर आणि अमोल एकामागोमाग उभे होते. मीही गेलो. माझी नोट सिस्टरांनी उलटसुलट करून बघितली आणि ठेवून घेतली. भोपळा शेवटी कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या स्कूटरवर बांधून दिला. आमच्याकडं आठवडाभर घारगे झाले. शेजाऱ्यांकडंही झाले.

जमलेले पैसे जेमतेम पुरले. पुण्याहून डिस्कमधली माहिती आली तेव्हा गाणी, सूचना, नाताळचे फोटो, सगळं अर्धंमुर्धं होतं. यादी मात्र पूर्ण निघाली. मी तिच्या चार प्रती केल्या. एक छापून सिस्टरांकडं नेली. मिरजेची गाडी चार दिवसांवर होती. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

आबांना बोलावून आम्ही तिघं दफनभूमीत गेलो. सिस्टर पुढं, एका हातात कागद, दुसऱ्यात छत्री. फाटकापासून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. गवत कमरेपर्यंत होतं. चौथ्या रांगेशी वळल्या, आणखी मोजलं, एका लिंबाच्या झाडाखाली थांबल्या आणि छत्रीचं टोक जमिनीला लावलं.

"इथं."

आबांनी चपला काढल्या. "नक्की हितंच ना?"

"मी टाइप केलंय," सिस्टर म्हणाल्या.

आबा खाली बसले. त्यांनी थोडं गवत उपटलं, हात जमिनीवरून फिरवला. मग म्हणाले, "नाव काय लिवलंय तिचं?"

सिस्टरांनी कागद वाचला. "बेडश्याची मुलगी. वय दोन दिवस. नाव ठेवलेलं नव्हतं."

"व्हतं की. हिनं ठिवलं व्हतं घरी. सुगंधा."

सिस्टरांनी पर्समधून पेन काढलं, कागद माझ्या पाठीवर धरला आणि लिहिलं. पेन माझ्या पाठीला टोचत होतं. त्यांनी सावकाश लिहिलं, मग मला म्हणाल्या, "चारी प्रतींत भरा."

आबांनी माझा फोन मागितला. मी त्यांनी सांगितलेला नंबर लावून दिला. पलीकडं त्यांच्या सुनेनं फोन म्हातारीच्या कानाशी नेला असावा.

"घावली," आबा म्हणाले. "आगं, घावली म्हनतो. व्हय, लिंबाखाली हाय." ते वर झाडाकडं बघत होते. "चांगली सावली हाय."

सिस्टर तोवर पुढच्या रांगेत गेल्या होत्या. छत्रीच्या टोकानं गवत बाजूला सारत, कागदाकडं बघत, त्या एकेक नंबर ताडून पाहत होत्या.